आरोपी बिबट्या, साक्षीदार ऊस

पिंजऱ्याचा खटका पडला की दुसऱ्या दिवशीचा मथळा ठरलेला असतो : 'नरभक्षक बिबट्या अखेर जेरबंद'. खाली बातमीत त्याने घातलेला धुमाकूळ येतो, पसरलेली दहशत येते, तो महिनाभर कसा गुंगारा देत होता ते येते आणि शेवटी ग्रामस्थ सुटकेचा निःश्वास टाकतात. शब्द सगळे पोलीस ठाण्यातले. 'बिबट्या' हा एवढा शब्द खोडला, तर बातमी जनावराची की लागोपाठ खून पाडणाऱ्या एखाद्या सराईताची, हे ओळखू येऊ नये. वनखात्याच्या जुन्नर विभागात, म्हणजे जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या चार तालुक्यांत, गेली पंचवीस वर्षे बिबट्याची गोष्ट याच साच्यातून सांगितली जाते. गुन्हा, शोध, अटक, शिक्षा. आणि एके काळी, रात्रीच्या अंधारात, कुठल्या तरी जंगलाच्या कडेला सुटका.

या साच्याला हरकत घ्यायची ती बिबट्याविषयीच्या उमाळ्याने नव्हे. त्याने माणसे वाचत नाहीत, म्हणून घ्यायची. एका टप्प्यावर तर याच साच्यामुळे जुन्नरमध्ये अधिक माणसे जखमी झाली, अधिक मेली, आणि त्याचा हिशेब छापून आलेला आहे.

आधी समोरची बाजू पुरती मांडली पाहिजे, कारण ती हलकी नाही. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड-जांबूत पट्ट्यात जेमतेम तीन आठवड्यांत एक चिमुरडी, एक वृद्धा आणि एक शाळकरी मुलगा बिबट्याच्या हल्ल्यात गेले. लोकांनी वनखात्याची गाडी पेटवली, मंचरला पुणे-नाशिक महामार्ग रोखून धरला. मग नेमबाज आले आणि एक बिबट्या गोळीने मारला गेला. त्या दिवसांत तिथली बायामाणसे शेतात जाताना गळ्यात टोकदार खिळ्यांचे पट्टे घालत होती. मेंढरांमागच्या कुत्र्याच्या गळ्यात धनगर घालतो तसले पट्टे. बिबट्या नरडे धरतो, म्हणून. ज्या गावात माणसावर ही वेळ आली, त्या गावाने 'पकडा, नाही तर मारा' म्हटले तर त्याला कोणी शहाणपण शिकवायला जाऊ नये. मूल गमावलेल्या घरापुढे 'सहजीवन' हा शब्द उच्चारणे हा उद्धटपणाच आहे.

पण 'पकडा, नाही तर मारा' यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे : कोणाला, हे ठाऊक आहे.

गुन्ह्याची भाषा उसनी घ्यायची तर तिच्या अटीही घ्याव्या लागतात. याच पुणे जिल्ह्यात, येरवड्याच्या तुरुंगात, २७ नोव्हेंबर १९८३ रोजी जोशी-अभ्यंकर हत्याकांडातल्या चार जणांना फाशी झाली. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात त्यांनी दहा माणसे मारली होती. सारे पुणे शहर सायंकाळी दारे लावून बसत होते. तरीही पोलिसांनी टिळक रस्त्यावरून दिसेल तो तरुण उचलून आत टाकला नाही. माफीचा साक्षीदार उभा राहिला, पुरावे तपासले गेले, वरच्या कोर्टात अपिले झाली, दयेचे अर्ज झाले. साठच्या दशकात मुंबईत फुटपाथवर झोपलेल्यांची डोकी फोडणाऱ्या रामन राघवच्या बाबतीत तर हायकोर्टाने मानसोपचारतज्ज्ञांकडून विचारून घेतले की या माणसाचे मन ठिकाणावर आहे का. तो असाध्य मनोरुग्ण आहे असे दिसल्यावर फाशी रद्द होऊन जन्मठेप झाली. तो शिक्षा भोगत असतानाच १९९५ मध्ये ससूनमध्ये मेला. कोल्हापूरच्या बालहत्याकांडातल्या गावित बहिणींची फाशी २०२२ मध्ये हायकोर्टाने जन्मठेपेवर आणली ती सरकारने दयेच्या अर्जाचा निकाल लावायला अक्षम्य उशीर केला म्हणून. या निकालांबद्दल कोणाचे काही मत असो, आरोपी तोच आहे याबद्दल त्यांत कोणाला शंका नव्हती.

बिबट्याच्या प्रकरणात पहिली पायरीच गळालेली असते. हल्ला झाला की आसपास पाच, दहा, कधी त्याहून जास्त पिंजरे लागतात. मागच्या कप्प्यात शेळी किंवा कोंबड्या, पुढे झाकण, मधे खटका. शेळीच्या वासाने जो आत शिरेल तो आरोपी. या भागातल्या उसात एकमेकांच्या हद्दी ओलांडत नर, माद्या, नुकतीच आईपासून सुटलेली पोरे फिरत असतात. आधी आत शिरतो तो भुकेला, अडाणी किंवा नुसता वाटेवरचा. त्याने माणसावर कधी नजर टाकली होती का, हे पिंजरा विचारत नाही. ठशांवरून अंदाज बांधता येतो. अंगावरच्या ठिपक्यांवरून कॅमेऱ्यातल्या जनावराशी ताडून पाहता येते. जखमेतल्या लाळेवरून जनुकीय तपासणी करता येते. या सगळ्याला दिवस लागतात, आणि गाव दिवस मोजायच्या मनःस्थितीत नसते. मग एक बिबट्या मिळतो, फोटो निघतात, गर्दी पांगते, बंदोबस्त उठतो. खरा हल्लेखोर तोच असेल तर उत्तम. नसेल तर गाव निर्धास्त होते आणि तो उसातच असतो. चुकीच्या जनावराला पकडण्यात सगळ्यांत मोठा धोका बिबट्याला नसून माणसालाच आहे.

जिम कॉर्बेटला आपल्याकडे 'वाघ मारणारा साहेब' म्हणून ओळखतात, पण त्याचा खरा धडा नेमके जनावर ओळखण्याचा आहे. रुद्रप्रयागच्या बिबट्याने १९१८ ते १९२६ या आठ वर्षांत सरकारी नोंदीप्रमाणे १२५ माणसे मारली. त्या काळात कोणालाही बक्षीस मिळत होते, बंदुकांचे परवाने सढळ होते, सापळे होते, विष होते. तरी तो आठ वर्षे जगला, कारण मारले गेले ते भलतेच बिबटे. कॉर्बेटने महिनोन्‌महिने तेच एक जनावर ओळखण्यात घालवले आणि मे १९२६ मध्ये तेच टिपले. सवयीने माणूस मारणारा बिबट्या ही कल्पित गोष्ट नाही. डिसेंबर २०२० मध्ये करमाळ्यात गोळी घातली गेली तो बिबट्या तसाच होता. त्याच्या वाटेवर बीडच्या आष्टीपासून सोलापूरच्या करमाळ्यापर्यंत माणसे मेली होती आणि त्याला मारण्याखेरीज गत्यंतर उरले नव्हते. वन्यजीव संरक्षण कायद्याचे ११ वे कलम याच प्रसंगासाठी आहे. जनावर माणसाच्या जिवाला धोका झाले आहे आणि पकडणे किंवा बेशुद्ध करणे शक्य नाही, अशी खात्री झाल्यावर मुख्य वन्यजीव रक्षकाला ठार मारण्याची परवानगी देता येते. हा लेख त्या कलमाच्या विरुद्ध नाही. तसे जनावर ओळखून मारावे, लवकर मारावे. पण अपवादासाठी लिहिलेले कलम संपूर्ण जातीवर आरोपपत्र म्हणून वापरता येणार नाही.

आता शिक्षा. पकडलेल्या बिबट्याची रवानगी जुन्नरजवळच्या माणिकडोहला होते. तिथे वनखात्याचे निवारा केंद्र आहे, 'वाइल्डलाइफ एसओएस' ही संस्था ते चालवायला मदत करते. जखमी, आंधळी, दात पडलेली, विहिरीतून काढलेली आणि 'संशयित' अशी जनावरे तिथे एकाच छपराखाली राहतात. बहुतेकांना जन्मठेप. केंद्र भरते, नवे पिंजरे बांधतात, तेही भरतात, आणि मग गुजरातेत जामनगरला पाठवा, अमुक प्राणिसंग्रहालयाला द्या, अशा मागण्या सुरू होतात. रिकामी झालेली जागा मात्र रिकामी राहत नाही. एका नराला उचलले की त्याच्या हद्दीत शेजारचे दोन तरुण नर शिरतात. तेवढ्या उसाला एक बिबट्या हवाच असतो. शिक्षेने धाक बसतो हे माणसाच्या बाबतीतही वादाचे आहे. बिबट्याच्या बाबतीत तर वादालाही जागा नाही. माणिकडोहला काय चालते, हे पारगावच्या उसातल्या बिबट्याला कळायचे कसे?

आणि सुटका. या प्रकरणातला सर्वांत महागडा अध्याय तोच आहे.

२००१ मध्ये जुन्नर विभागात पकडलेल्या बिबट्यांना लांबच्या जंगलात नेऊन सोडण्याचा धडाका सुरू झाला. हेतू चांगला होता. बहुतेक जनावरांनी शेळ्या-वासरे उचलण्यापलीकडे काही केलेले नव्हते. जंगलातले जनावर जंगलात गेले, शेतकरी सुटला, बिबट्याही वाचला, असा सरळ हिशेब. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर या मोहिमेची पाहणी केली. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात आकडे असे आहेत : २९ बिबटे सरासरी ३९.५ किलोमीटर लांब नेऊन सोडले. त्याआधी माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत. नंतर ते सतरावर गेले. ही वाढ ३२५ टक्के. हल्ल्यांत माणूस मरण्याचे प्रमाण १८ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर गेले, म्हणजे दुप्पट झाले. हल्ले झाले तेही सोडलेल्या जागांच्या आसपास.

ज्याने माणसाला कधी हात लावला नव्हता असे जनावर धरले, पिंजऱ्यात कोंडले, गर्दीचा ओरडा सहन करायला लावला, अनोळखी जागी सोडले, जिथे आधीच दुसरे बिबटे ठाण मांडून होते. ते परतीच्या वाटेला लागले, वस्त्या ओलांडू लागले, आणि वाटेत माणूस आडवा आला. गुन्हेगार नव्हता, तो सुटकेने तयार झाला. म्हणूनच केंद्र सरकारने २०११ मध्ये माणूस-बिबट्या संघर्षाबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या तेव्हा पकडून दुसरीकडे सोडण्याचा मार्ग टाळायला सांगितले.

एक सुटका तर जुन्नरच्या हद्दीवरचीच आहे. २००९ मध्ये पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरला एक थोराड नर विहिरीत पडला. त्याला काढून गळ्यात रेडिओ कॉलर बांधून माळशेज घाटात सोडले. अभ्यासकांनी त्याचे नाव ठेवले आजोबा. आजोबा माळशेजला थांबला नाही. रेल्वेमार्ग, महामार्ग, वसईकडचा औद्योगिक पट्टा ओलांडत तो सव्वाशेच्या आसपास किलोमीटर चालला आणि मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या अंगाला जाऊन राहिला. माणसांच्या दाट गर्दीतून जाताना त्याने कोणालाही ओरखडा काढला नाही. २०११ मध्ये रस्ता ओलांडताना वाहनाने त्याला मारले. त्याच्यावर सिनेमाही निघाला. पण सिनेमातला गोडवा बाजूला ठेवला तर आजोबाची कहाणी वनखात्याला एवढेच सांगते की तुम्ही सोडता तिथे बिबट्या राहत नाही.

वाटेत माणूस न मारणारा आजोबा भेटला हे नशीब. विदर्भात तसे झाले नाही. २०१७ मध्ये ब्रह्मपुरीच्या बाजूला माणसे मारल्याबद्दल पकडलेल्या एका वाघिणीला कॉलर लावून वर्ध्याच्या बोर व्याघ्र प्रकल्पात सोडले. गुन्हा, अटक, सुटका, सगळे रीतसर. ७६ दिवसांत ती पाचशे किलोमीटरवर फिरली, आणखी बळी गेले, तिला ठार मारण्याचा आदेश निघाला, प्रकरण कोर्टात गेले. शेवटी ऑक्टोबर २०१७ मध्ये शेताच्या कुंपणात सोडलेल्या विजेने ती मेली. निर्णय ना वनखात्याचा ठरला ना न्यायालयाचा. निर्णय झाला एका शेतकऱ्याच्या तारेवर.

आता दुसऱ्या तटाकडे. पुण्या-मुंबईत बसून या विषयावर बोलणाऱ्यांचे एक आवडते वाक्य आहे : 'माणसानेच त्यांच्या जंगलावर अतिक्रमण केले, बिबट्या जाणार कुठे?' हे वाक्य अनेक ठिकाणी खरे असेल. आंबेगाव-जुन्नरच्या पूर्व भागात ते साफ खोटे आहे. मंचर, पारगाव, नारायणगाव, पिंपरखेड या पट्ट्यात बिबट्याचे जंगल कोणी तोडलेले नाही, कारण तिथे तोडण्याजोगे जंगल नव्हतेच. बाजरीची, मटकी-हुलग्याची उघडी रानं होती, बोडके माळ होते. अतिक्रमण झालेच असेल तर ते उलट दिशेने झाले. आणि त्याला वाट करून दिली ती पाण्याने.

डिंभे धरण घोड नदीवर, घोडेगावच्या वरच्या अंगाला आहे. कुकडी प्रकल्पातल्या पाच धरणांपैकी हे एक. येडगाव, माणिकडोह, वडज आणि पिंपळगाव जोगे ही बाकीची चार. महाळुंगे पडवळच्या हुतात्मा बाबू गेनूचे नाव जलाशयाला दिलेले आहे आणि ज्या आंबेगावावरून तालुक्याचे नाव पडले, ते जुने आंबेगाव याच पाण्याखाली गेले. वरच्या बाजूला महादेव कोळी आणि ठाकर वस्त्या : भात, नाचणी, हिरडा. त्यांच्या जमिनी बुडाल्या आणि पाणी कालव्यांनी खाली गेले. खाली कोरडवाहू रान ओलिताखाली आले, भीमाशंकर आणि विघ्नहर हे सहकारी साखर कारखाने उभे राहिले, आणि नजर पोहोचेल तिथवर ऊस झाला. घरात पैसा आला, पोरे शिकली, पत्र्याच्या जागी स्लॅब पडला. यात कोणाला लाज वाटण्यासारखे काही नाही. पण त्याच उसात, कोणाच्याही परवानगीशिवाय, बिबट्याचा संसारही उभा राहिला.

उसाचे वेळापत्रक बिबट्याच्या मादीसाठी बेतून दिल्यासारखे आहे. आडसाली लागण सोळा-अठरा महिने रानात उभी असते. मादीला पिले वाढवायला साधारण दीड-दोन वर्षे लागतात. आत सावली, चारीला पाणी, बांधापलीकडे वस्ती, वस्तीवर कुत्री, डुकरे, शेळ्या. शेजारच्या अकोले तालुक्यात अशाच शेतीच्या मुलखात झालेल्या अभ्यासात बिबट्याच्या आहाराचा ८७ टक्के भाग पाळीव प्राण्यांचा निघाला आणि एकट्या कुत्र्याचाच ३९ टक्के. जंगलात हरीण संपले म्हणून तो आला, हे म्हणणे त्याच्या विष्ठेनेच खोडून काढले आहे. हा इथला रहिवासी आहे. त्याच्या आईचा जन्म उसातला, आजीचाही उसातलाच. २०२२ च्या गणनेत महाराष्ट्रात १,९८५ बिबटे धरले आहेत. पण ती गणना मुख्यतः वनक्षेत्रांची. पारगावच्या फडात कोणी मोजायला गेलेले नव्हते.

गाळप हंगाम सुरू झाला की ही गोष्ट डोळ्यांनी दिसते. टोळी पहाटेपासून फडात असते. कोयत्यांचा सपासप आवाज, मागे वाढ्यांच्या मोळ्या, पाचटाचा ढीग. शेवटच्या चार-सहा सऱ्या उरल्या की एखाद्याचा कोयता थबकतो. पाचटात दोन-तीन गोळे पडलेले असतात, मांजराएवढे, डोळे जेमतेम उघडलेले. तोड थांबते, मुकादम फोन लावतो, वनरक्षक येतो. जाणते कर्मचारी आता पिले उचलून नेत नाहीत. तपासून, गरज पडल्यास औषध देऊन, संध्याकाळी क्रेटमध्ये घालून तिथेच बांधाला ठेवतात, कॅमेरा लावतात आणि लांब जातात. रात्री मादी येते. क्रेट वास घेऊन उलथते, एकेकाला मानगुटीला धरून शेजारच्या उभ्या उसात नेते. सकाळी क्रेट आडवा पडलेला असतो. पिले गमावलेली मादी वस्तीभोवती घिरट्या घालत राहते, म्हणून हा खटाटोप करायचा. माणसांच्याच भल्यासाठी. ज्या खात्याला एवढे कळते, तेच खाते मोर्चा आला की दोन मैलांवर दहा पिंजरे लावते, कारण मोर्चाला क्रेट दाखवता येत नाही. पिंजरा दाखवता येतो.

राजकारणालाही दाखवण्याजोगेच हवे असते. डिसेंबर २०२५ च्या नागपूर अधिवेशनात जुन्नरचे आमदार शरद सोनवणे बिबट्याचा वेश चढवून विधानभवनात आले. टिंगल झाली, पण प्रश्न विधानसभेत गाजला, एवढे श्रेय त्यांना द्यावे. त्याच सुमारास वनमंत्री गणेश नाईक यांनी हिशेब मांडला : चार माणसे गेली तर पंचवीस-पंचवीस लाख म्हणजे एक कोटी भरपाई द्यावी लागते, त्यापेक्षा एक कोटीच्या शेळ्या जंगलात सोडाव्यात, म्हणजे बिबटे बाहेर येणार नाहीत. या हिशेबात शेळ्या जंगलात आहेत आणि बिबट्या उसात. दोघांची गाठ पडायची कुठे? जुन्नर विभागातल्या काही माद्यांवर गर्भनिरोधाचा प्रयोग करायलाही केंद्राची मान्यता मिळाली. प्रयोग जरूर व्हावा. पण त्याचे फळ दिसायला वर्षे लागतील आणि तोवर उसात आहेत ते बिबटे रोज संध्याकाळी उठणारच आहेत.

मग या खटल्यात पुरावा कशाचा तपासायचा? हल्ल्यांचा. कुठे, किती वाजता, माणूस काय करत होता, याचा. उत्तरे पुन्हा पुन्हा तीच येतात. संध्याकाळ किंवा पहाट. घराला लागून ऊस. अंगणात एकटे मूल. खाली वाकून गवत कापणारी किंवा बाहेर बसलेली व्यक्ती, कारण उभ्या माणसाला बिचकणारा बिबट्या बुटक्या, वाकलेल्या आकृतीला भक्ष्य समजतो. रात्री शेतीपंपाची वीज आली म्हणून बॅटरी घेऊन दारे धरायला गेलेला शेतकरी. उसाच्या फडाशेजारी कोप्या टाकून राहणारी तोडणी टोळी, जिच्या पोरांना झोपायला दार असलेली खोली नाही. यातल्या एकाही गोष्टीचा निर्णय बिबट्या घेत नाही. कोणत्या आठवड्यात रात्रीची पाळी, हे महावितरण ठरवते. टोळी कुठे उतरणार, हे कारखाना ठरवतो. घराच्या भिंतीला ऊस टेकवायचा की पंचवीस-तीस फूट मोकळे ठेवून भाजी घ्यायची, हे शेतकरी ठरवतो. पोल्ट्रीतल्या मेलेल्या कोंबड्या ओढ्यात फेकायच्या की पुरायच्या, हे ग्रामपंचायतीच्या हातात आहे. उघड्यावरची घाण कुत्री पोसते आणि कुत्री बिबट्याला.

'म्हणजे दोष पुन्हा गावाच्याच माथी?' असे कोणी विचारील. नाही. शेतकऱ्याने रात्री पाणी भरावे असा त्याचा हट्ट नाही. त्याला दिवसा वीज मिळत नाही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेची जाहिरात दिवसा विजेसाठीच झाली. मग ज्या फीडरवर बिबट्याचे हल्ले झाले आहेत, तो फीडर यादीत पहिला का नसावा? ऊसतोड मजूर हौसेने कोपीत राहत नाही. बीड-नगरहून आलेल्या माणसाला कारखान्याने दिलेली जागा तीच असते. भरपाईचे पंचवीस लाख देणारे सरकार त्याच्या कितीतरी कमी खर्चात एका वस्तीला दिवे, बंदिस्त गोठे आणि संडास देऊ शकते.

पश्चिमेकडच्या डोंगरात, डिंभ्याच्या वरच्या गावांत, आश्विन वद्य द्वादशीला वसुबारस असते आणि त्याच दिवशी वाघबारसही. शेंदूर फासलेल्या वाघोबाला नैवेद्य दाखवतात. याकडे शहरातली मंडळी 'निसर्गाशी एकरूपता' म्हणून कौतुकाने पाहतात आणि खालच्या बागायतीतली मंडळी अंधश्रद्धा म्हणून हसतात. दोघेही एक साधी गोष्ट विसरतात. वाघोबाला हात जोडणारा गुराखी दिवस मावळायच्या आत जनावरे गोठ्यात घेतो, दार ओढतो आणि पोराला एकटे बाहेर सोडत नाही. त्याने वाघाला ना आरोपी केले ना निष्पाप ठरवले. तो आहे, एवढे धरून त्याने आपला दिवस बांधला.

खालच्या मुलखाला वाघोबाचे देऊळ बांधण्याची गरज नाही. त्याच्याकडे कालवा सल्लागार समिती आहे. कुकडी प्रकल्पाचे आवर्तन कधी सोडायचे, कोणत्या कालव्याला किती दिवस पाणी द्यायचे, हे या समितीच्या बैठकीत ठरते. मंत्री असतात, आमदार असतात, पाटबंधारेचे अधिकारी असतात. पाणी सुटले की कोणत्या गावात किती माणसे रात्री उसात उतरणार, हेही त्याच क्षणी ठरते. फक्त तशी नोंद कोणी करत नाही. येत्या रब्बी आवर्तनाच्या बैठकीला वनखात्याचा उपवनसंरक्षक, महावितरणचा अभियंता आणि दोन्ही कारखान्यांचे शेतकी अधिकारी बोलवावेत. मागच्या पाच वर्षांतल्या हल्ल्यांचा गाववार, वेळवार तक्ता टेबलावर ठेवावा. ज्या गावांवर खूण असेल त्यांना पाणी दिवसा, वीज दिवसा आणि टोळ्यांना पक्क्या भिंतींचा निवारा, एवढे तीन निर्णय इतिवृत्तात लिहून घ्यावेत. जुन्नर, आंबेगाव आणि शिरूरच्या आमदारांनी पुढच्या पिंजऱ्याची मागणी करण्याआधी ही बैठक मागावी.